तिच्या नावापुढचं हिरवं

आमच्या कॉलेजात दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये एक यादी वाचली जाते. ज्यांची हजेरी घसरली त्यांची नावं लाल, ज्यांचं ठीक आहे त्यांची हिरवी. लाल नावाला कॉलेजातून फोन जातो. फोनवर भागलं नाही तर कुणीतरी घरी जाऊन येतं. कारण खरं असेल तर सवलतीचा अर्ज भरून घेतात, आणि अर्ज असला की हजेरी कमी भरली तरी परीक्षेला बसता येतं. इतकी साधी सोय आहे. ती एका मुलीपर्यंत पोचणार नाही याची तजवीज मी स्वतःच्या हाताने, हिरव्या स्केचपेनने केली.

मी संख्याशास्त्र शिकवते. लोकांना वाटतं, आकड्यांची बाई म्हणजे मनाने कोरडी. माझं उलट होतं. आकड्यांत आयुष्य गेल्यामुळे आकडे किती खोटं बोलतात ते मला ठाऊक आहे असा माझा तोरा होता. शिवाय मी लोणावळ्यात राहत असले तरी माहेर पवन मावळातलं. भाताच्या खाचरात वाढलेली मी. कॉलेजात निम्मे शिक्षक पुण्याहून येणारे, आणि पोरं सगळी आसपासच्या गावांतली. त्यामुळे पोरांबद्दल काही अडलं की सगळे माझ्याकडे बघायचे, आणि मला ते आवडायचं.

यादीचं सॉफ्टवेअर आणलं ते संगणक विभागाच्या सरांनी. हे सरही पुण्याचे. शांत माणूस, डब्यात रोज पोळी-भाजी आणि एक केळं. पहिल्याच जुलैत त्यांची यादी लालभडक झाली. सर घाबरले. प्राचार्य त्यांच्याहून जास्त घाबरले. आपला पाल्य अनुपस्थित आहे अशी पत्रं घरोघरी गेली, आणि गेली ती नेमकी भातलावणीसाठी चिखलणी चालते त्या आठवड्यात. दोन दिवसांनी कॉलेजच्या पायऱ्यांवर आठ-दहा बाप येऊन बसले. एका आबांच्या पोटऱ्यांवरचा चिखलसुद्धा वाळला नव्हता. ते सरांना म्हणाले, "सायेब, पोरगं कुटं पळालं न्हाई. माज्या खाचरात हाय. बगायचं आसंल तर चला, दोन जुड्या तुमी बी लावा."

सरांना खाचर म्हणजे काय ते मी सांगितलं. मग केबिनमध्ये सगळ्यांना सावड समजावून सांगितली. आज सगळ्यांनी मिळून माझं भात लावायचं, उद्या तुझं, परवा त्याचं. पैशाचा संबंध नाही. पण ज्याच्या घरचा माणूस माझ्या खाचरात राबला, त्याच्या खाचरात माझ्या घरचा माणूस उभा राहिलाच पाहिजे. त्यात कॉलेजात जाणारी मुलगी म्हणजे घरचे दोन हात. ते हात तुमच्या हजेरीपटासाठी कॉलेजात कोण पाठवील? पंधरा-वीस दिवस जाऊ द्या, रोप जमिनीला लागलं की पोरं आपोआप बाकावर येतील.

प्राचार्य म्हणाले, "मग मॅडम, जुलैची यादी तुम्हीच बघत जा."

तेव्हापासून लावणीची सूट सुरू झाली. शनिवारी केबिनमध्ये सर मला छापील यादी द्यायचे. मी लाल नावं वाचायची. गाव बघायचं, आडनाव बघायचं, चेहरा डोळ्यांपुढे आणायचा, आणि लावणीतला वाटला की नावापुढे हिरव्या स्केचपेनने खूण. सर ती नावं संगणकात हिरवी करायचे, कारणाच्या रकान्यात 'शेतीकाम' लिहायचे आणि एक प्रत ऑफिसबाहेरच्या बोर्डावर लावायचे. तीन वर्षं माझा अंदाज चुकला नाही. एकदा चहाच्या वेळी सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या डोक्यात आहे ते मशीनमध्ये कसं घालायचं?" मी म्हणाले, "त्यासाठी मावळात जन्म घ्यावा लागतो, सर." सगळे हसले, सरही हसले.

आणखी एक गोष्ट मी केली होती, ती सांगायला हवी. प्रवेशअर्जात 'शेती आहे का' असा एक रकाना होता. तो सरांच्या यादीतही यायचा. पण पोरं तो कशीही भरायची. सातबारा आज्याच्या नावावर असला की 'नाही', काकाशी वाटणीचा वाद असला की 'नाही', आणि कधी नुसताच कोरा. मी म्हणाले, हा रकाना कचरा आहे, काढून टाका. कुणाला शेती आहे नि कुणाला नाही ते मला विचारा. सर थोडे घुटमळले. म्हणाले, "चुकीचा असला तरी राहू दे की, नंतर दुरुस्त करता येईल." मी ऐकलं नाही. प्राचार्यांनी माझी बाजू घेतली आणि रकाना गेला.

आता त्या मुलीविषयी.

पहिल्या वर्षाला मी सरासरी शिकवत होते. उदाहरण घेतलं पावसाचं. लोणावळ्याचा पाऊस, कामशेतचा पाऊस, उर्से गावचा पाऊस, असे मनानेच आकडे फळ्यावर लिहिले, बेरीज केली, तिनाने भागलं. खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावरून एक मुलगी उठली. बारीक चणीची, दोन वेण्या, दप्तराला लाल दोरा बांधलेला. म्हणाली, "मॅडम, सरासरी बरोबर आहे. पण एवढा पाऊस यातल्या एकाही गावात पडत नाही."

वर्ग हसला. मला मात्र खडू खाली ठेवावा लागला. इतकी वर्षं मी हेच उदाहरण देत होते आणि हे मला कधी सुचलं नव्हतं. तास संपल्यावर तिला बोलावलं, गाव विचारलं. तिकोणा पेठेच्या अलीकडचं एक गाव, माझ्या माहेरापासून दोन-तीन गावं सोडून. म्हटलं, मग तू माझ्या माहेरचीच झालीस. ती लाजली. पुढे काय करायचं ठरवलंयस विचारलं तर म्हणाली, "ठरवलं न्हाई. पर फळ्यापुढं उभं ऱ्हायला आवडंल."

त्या वर्षी ती माझ्या विषयात पहिली आली. मी तिला सांगून टाकलं की पदवी झाली की पुण्याला जायचं, एमएस्सी करायचं, बाकीचं मी बघते. तिच्या घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. हे वर्ष नीट गेलं, पुढचंही नीट गेलं, की गाडी रुळावर लागणार हे मला दिसत होतं. तिलाही दिसत असावं. माझी जुनी पुस्तकं ती न्यायची आणि कव्हर घालून परत आणायची. मला मूलबाळ नाही. हे लिहायची गरज नव्हती, पण लिहिते.

दुसऱ्या वर्षाच्या जुलैत तिचं नाव लाल आलं.

त्या दिवशीची केबिन मला अजून जशीच्या तशी दिसते. बाहेर धो-धो पाऊस, आत ट्यूबलाइट, टेबलावर चिवड्याची बशी. मी नेहमीप्रमाणे भराभर खुणा करत चालले होते. तिच्या नावापुढे खूण केली तेव्हा सर म्हणाले, "मॅडम, ही एक लाल राहू द्या."

"का?"

"हिची गैरहजेरी बाकीच्यांसारखी नाही. मागच्या जुलैत ही एकही दिवस चुकलेली नाही. लावणीच असती तर मागच्या वर्षीही असती ना?"

सरांचं बोलणं एखाद्या बेरजेइतकं सरळ होतं. माझ्या वर्गात कुणी असं बोललं असतं तर मी शाबासकी दिली असती. पण मला उत्तर शोधावंही लागलं नाही, तोंडात तयारच होतं. म्हणाले, "मागच्या वर्षी घरात दुसरं माणूस असेल. यंदा चुलती बाळंतपणाला गेली असेल, आजी थकली असेल. सावडीला एक हात कमी पडला की पोरीलाच जावं लागतं. मी ओळखते तिला." त्या मुलीला चुलती आहे की नाही हेसुद्धा मला माहीत नव्हतं. तरी बोलताना मला ती चुलती दिसत होती.

सर म्हणाले, "एक फोन करून बघू या का?"

"सर," मी म्हणाले, "लावणीत फोन कोण उचलतं? चिखलाच्या हाताने?"

पुन्हा सगळे हसले. सरांनी मान हलवली आणि नाव हिरवं केलं.

ऑगस्टच्या यादीत ती पुन्हा लाल. मी म्हणाले, यंदा पाऊस उशिरा आला, लावण्या लांबल्यात. पुन्हा खूण. सप्टेंबरात म्हणाले, आता गौरी-गणपती, उठून ती लगेच कशाला येतेय, गौरी जाऊ द्या. आता आठवलं की कानशिलं तापतात. प्रत्येक वेळी माझ्याकडे कारण होतं आणि प्रत्येक वेळी ते मीच घडवलेलं होतं. त्या तीन महिन्यांत मी एक फोन केला असता तर दोन मिनिटं गेली असती. तिचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता.

परीक्षेचे अर्ज भरून झाले तेव्हा माझ्या विषयाच्या गठ्ठ्यात तिचा अर्ज नव्हता. ऑफिसात विचारलं तर उत्तर आलं, हजेरी कमी, सवलतीचा अर्ज नाही, म्हणून नाव बसलं नाही. सवलतीची मुदत कधीच उलटून गेली होती. मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. तीन महिने न केलेला फोन आता करायला तोंड नव्हतं. वाटलं, समोर जाऊनच बोलावं.

शनिवारी कामशेतहून जीप धरली. भात ओंब्यांवर आलं होतं, खिंड उतरल्यावर इंद्रायणी भाताचा वास नाकात भरला. एरवी या वासाने मी लहान होते. त्या दिवशी झाले नाही. गावात उतरले तेव्हा बांधावर एक भाऊ गवत कापत होते. त्यांना मुलीचं आडनाव सांगितलं आणि, आपण इथलेच आहोत हे कळावं म्हणून असेल, विचारलं, "भाऊ, त्यांची खाचरं कुठली?"

त्यांनी विळा थांबवून माझ्याकडे बघितलं.

"त्यांची खाचरं? त्यांना कुटली आली खाचरं, बाई. त्यो तकडं विहार दिसतोय का, त्याच्या मागं घर हाय."

ते पुन्हा गवत कापू लागले.

बौद्ध वस्तीत काही घरांना जमीन आहे, काहींना नाही. हिच्या घराला नव्हती. आणि ही गोष्ट मला त्या बांधावर पहिल्यांदा कळली असं म्हणायचीही सोय नाही. आमच्या स्वतःच्या गावात मी लहानपणापासून हेच बघत आले होते. आमच्या खाचरात सावडीचे वीस-पंचवीस हात असायचे. कमी पडले तर वस्तीतल्या बायका यायच्या, पण त्या रोजावर. त्यांच्यासाठी सावड नव्हती, कारण सावड फेडायची ती खाचरात, आणि त्यांना खाचर नव्हतं. दुपारी आम्ही बांधाच्या एका टोकाला जेवायचो, त्या दुसऱ्या टोकाला. कुणी कुणाला तिकडे बस असं सांगत नसे. तशीच रीत होती, आणि मी भाकरी खात ती बघत होते. केबिनमध्ये 'मावळातली सगळी पोरं जुलैत खाचरात असतात' म्हणून ठणकावताना, सगळी म्हणजे कोण, हा प्रश्न मला पडला नाही. पुण्याच्या सरांना ही चूक करताच आली नसती. त्यांना सावड माहीतच नव्हती. ही चूक करायला माझ्यासारखी इथली, खातेदार शेतकऱ्याच्या घरची बाई लागते.

घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. आत खाटेवर तिची आई पडलेली, एक पाय उशीवर. शेजारी धाकटी बहीण अकरावीचं पुस्तक घेऊन बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर आई उठू लागली. मी म्हटलं, ताई, पडून राहा.

ती म्हणाली, "पोरीला दम देऊ नका, बाई. माज्यामुळं झालं समदं."

मग तिच्याकडूनच कळलं. ती धरणाकडच्या, पर्यटकांना भाड्याने देतात अशा एका बंगल्यावर झाडलोट आणि स्वयंपाक करायची. जूनच्या शेवटी शेवाळलेल्या पायरीवरून घसरली, मांडीचं हाड मोडलं. पावसाळा म्हणजे बंगल्यांचा हंगाम, पाहुणे चालूच. चार दिवस काम बंद राहिलं तर दुसरी बाई लागणार. वडील उर्से फाट्याजवळच्या कारखान्यात कंत्राटावर, अंधारात निघून अंधारात परत. मग आईच्या जागी मुलगी जाऊ लागली.

दुपारी ती आली. मला बघून दारातच थांबली. हात साबणाने पांढरे पडले होते. तिने आधी चहा टाकला. मी नको म्हणत होते, तरी टाकला. मग फळीवरून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून माझ्या हातात दिली. आत एक्स-रे, दवाखान्याचा कागद, डॉक्टरांची चिठ्ठी, आणि तिच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेला अर्ज. मा. प्राचार्य यांस, स. न. वि. वि.

"फोन आला का हे द्यायचं म्हनून ठिवलं व्हतं," ती म्हणाली. "पुढच्या वर्गातल्या ताई म्हनाल्या व्हत्या, लाल नाव आलं का फोन येतो. मग कागद दाखवायचं."

मी विचारलं, आणि विचारताना माझ्या आवाजात रागही होता, स्वतःचा राग माणूस समोरच्यावर काढतो तसला. "अगं, पण तू स्वतः का नाही आलीस? मला का नाही सांगितलंस?"

"आलते मॅडम. ऑगस्टमदी एकदा आलते. ह्यीच पिशवी घेऊन आलते." ती चहा गाळत होती. "ऑफिसात लय गर्दी व्हती. बोर्डावर यादी बघितली. माज्या नावापुढं हिरवं व्हतं. म्हनलं, कॉलेजला कळलं आसंल. तुमी सांगितलं आसंल. मग काळजी न्हाई. बंगल्यावर पाव्हनं येनार व्हतं, तशीच माघारी आले."

तिने कारणाचा रकाना वाचला नव्हता. बारीक अक्षरात असतो, कोण वाचतं? तिने रंग वाचला. कॉलेजच्या बोर्डावरचा, संगणकातून निघालेला, शिक्का मारलेला रंग. माझ्या मनातली एक समजूत तिच्यासाठी पक्की माहिती होऊन भिंतीवर चिकटली होती, आणि तिने त्या माहितीवर विश्वास ठेवला. मी पोरांना शिकवते की आकडा दिसला की आधी विचारा, तो कुठून आला. हा कुठून आला होता ते मला माहीत होतं.

मी रडले. विद्यार्थिनीच्या घरी, तिच्या आईच्या खाटेपाशी बसून रडले. तिच्या आईने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला सोसवत नव्हता.

सोमवारी पिशवी घेऊन प्राचार्यांकडे गेले. त्यांनी सगळे कागद नीट बघितले. माणूस वाईट नव्हे. म्हणाले, "मॅडम, मुदत गेली ते एक. पण तीन महिन्यांची पत्रकं वर विद्यापीठाकडे गेलीत. त्यात कारण 'शेतीकाम' आहे. आता आईचं आजारपण लावलं तर आधीचं खोटं होतं म्हणावं लागेल. आणि ते कागद तुमच्या खुणेवर केलेत."

मी म्हणाले, "मग म्हणा. खोटंच होतं. मी लिहून देते."

लिहून दिलं. सरांनी त्यांचा तास सोडून माझ्याबरोबर बसून दोन पानी पत्र तयार केलं, हजेरीचे तक्ते जोडले, मागच्या जुलैची पूर्ण हजेरी लाल रेघेने अधोरेखित केली. एकदाही म्हणाले नाहीत की मी सांगितलं होतं. म्हणाले असते तर बरं झालं असतं. पत्र विद्यापीठाकडे गेलं आणि पंधरा दिवसांनी परत आलं. मुदतीनंतरचा अर्ज विचारात घेता येत नाही. तिचं वर्ष गेलं.

ती म्हणाली होती, पुढच्या जूनला येते. मी अंदाज बांधला की येईल. माझे अंदाज काय लायकीचे आहेत हे कळूनही बांधला, माणूस दुसरं काय करणार? जून गेला, ती आली नाही. आईचा पाय जुळला, पण आखूड राहिला, पायऱ्या होईनात. बंगल्याचं काम मुलीकडेच राहिलं. काम चोख, म्हणून शेजारचे दोन बंगलेही तिला मिळाले. एकदा कामशेतच्या बाजारात भेटली. एका हातात कोथिंबिरीच्या जुड्या, दुसऱ्या हातात मोबाइल. शनिवारी किती पाहुणे, किती खोल्या, किती जेवणं, सगळं तिला तोंडपाठ. फोनवर कुणाला तरी सांगत होती की मागच्या चार रविवारी किती ताटं उरली ते बघून या वेळी तांदूळ टाका. मी ऐकत उभी राहिले. फोन ठेवून माझ्याकडे बघून हसली. मी विचारलं, "येतेस ना परत?" ती म्हणाली, "बघू, मॅडम." मावळात 'बघू'चा अर्थ काय असतो तो मला कळतो. तो तरी कळतो.

कॉलेजात मी जुलैची यादी बघणं सोडलं नाही. सोडायचं ठरवलं होतं, पण सरच म्हणाले, "तुम्ही सोडलीत तर पुन्हा चिखलणीत पत्रं जातील." त्यांचंही खरं. शेतीचा रकाना परत घातला, चुकीचा तर चुकीचा. मी खुणा करते, पण हिरव्या नाही. पेन्सिलीने लिहिते, 'लावणीत असेल, विचारा'. आणि मग प्रत्येक लाल नावाला फोन जातो. निम्मे फोन खरंच कुणी उचलत नाही. मग संध्याकाळी परत करतो. सर केळं खाता खाता नंबर सांगतात, मी लावते. बहुतेक वेळा पोरं लावणीतच असतात आणि माझं बरोबर निघतं. त्याचा आता आनंद होत नाही.

या जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. नाव पडद्यावर दिसलं आणि मला एका क्षणात वाटून गेलं की ती परत येतेय. खुर्चीवरून उठलेच मी.

"मॅडम, एक काम व्हतं," ती म्हणाली. "बहीन तुमच्या कॉलेजात लागलीय यंदा. फस्टइयरला."

"अगं, वा. मला भेटली नाही अजून."

"भेटंल. बुजरी हाय जरा." मग थोडं थांबून म्हणाली, "मॅडम, तिचं नाव कदी लाल आलं, तर हिरवं करू नका. लालच ऱ्हाऊ द्या."

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. दुकानदाराला पिशवी नीट बांधा सांगावं तसं सांगत होती. मागे कुठेतरी भांडी वाजत होती.

"नाही करणार," मी म्हणाले. "मी स्वतः फोन करीन. तुलाच करीन. उचलशील ना?"

"उचलीन की," ती म्हणाली. "तवा बी उचलला आसता, मॅडम."